सोडणं जाळू नका, माडाच्या मुळाशी पुरा

नारळ सोलून झाले की परसात सोडणांचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालींचा, ढीग साठतो आणि शेवटी काडी लागते. न्हाणीच्या चुलीपुरती बाजूला ठेवा. उरलेली माडालाच परत द्या. सोडणात पालाश (पोटॅश) भरपूर असते आणि ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवते. जाळलेत तर मागे उरणारी राख पहिल्याच सरीत वाहून जाते.

पावसाळा सुरू होताना बुंध्यापासून 2 मीटर अंतर सोडून गोल चर खणा, अर्धा मीटर रुंद आणि तितकाच खोल. जांभ्या कातळावर एवढे खणता येत नाही, तिथे मिळेल तेवढी खोली चालेल. चरात सोडणे उताणी मांडायची, म्हणजे वाटी वर. प्रत्येक थरावर माती टाका. एका माडाला 250 ते 300 सोडणे सहज मुरतात आणि पाच-सात वर्षे ओल धरतात.

सर्वांत वरचा थर मात्र पालथा. इथेच बहुतेकांची चूक होते. उघड्यावर उताण्या राहिलेल्या सोडणात पाणी साचते, आठवड्याभरात डासांच्या अळ्या वळवळू लागतात. करवंट्यांचेही तेच.

चराबाहेर उरलेले सोडण बुंध्याला टेकवू नका, वाळवी चढते. वीतभर जागा मोकळी हवी. ढिगात शिरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि नायलॉनच्या दोऱ्या आधी निवडून काढा. एकदा पुरल्या की कोण उकरत बसणार!