थंडीत बांबू आणि नाजूक रोपं सांभाळताना

बेळगाव-खानापूर भागात बर्फ पडत नाही, पण पौषातल्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास येतो. तेवढ्यानंही पावसाळ्यात लावलेला बांबू, कढीपत्ता, तुळस गारठतात. सगळ्यात आधी कुंडीतली रोपं बघा, कारण कुंडीतली माती चारही बाजूंनी थंड होते. ती पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीला टेकवा. दिवसभर तापलेली चिऱ्याची भिंत रात्री ऊब देते.

बांबूच्या बुंध्याभोवती भाताचं पिंजर किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून वीतभर लांब. आणि वाळवीवर नजर ठेवा, आपल्याकडे ती पिंजराला लगेच लागते! पाणी सकाळीच घाला. संध्याकाळी जुनी सुती साडी काठ्यांवर पांघरा, ऊन आलं की काढा. प्लास्टिक पानांना चिकटलं तर उलट नुकसान करतं.

पानं पिवळी पडून गळली म्हणून बांबू उपटू नका. जीव जमिनीखालच्या कंदात असतो, कोंब पावसाळ्यात येतात. युरियाही आत्ता नको. कोवळी फूट निघते आणि तीच आधी करपते.