पेनड्राइव्ह फोनला दिसत नाही?

ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडायचा छोटा अडॅप्टर) लावलं, पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला, पण फोन ढिम्म. लगेच नवीन ओटीजी आणायला पळू नका. आधी सेटिंग्जमध्ये ‘ओटीजी’ शोधा. काही फोनमध्ये त्याचं वेगळं बटण असतं आणि १० मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद होतं. बटण चालू असूनही उपयोग नसेल, तर पेनड्राइव्ह बऱ्याचदा एनटीएफएस फॉरमॅटमधला (फॉरमॅट म्हणजे फाइल्स साठवायची पद्धत) निघतो. पुष्कळ अँड्रॉइड फोन तो वाचतच नाहीत. कॉम्प्युटरवर आधी सगळा डेटा काढून घ्या, मग एक्सफॅटमध्ये फॉरमॅट मारा. फॅट३२ही चालतं, पण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचा लांबलचक व्हिडिओ अडकलाच.

पोर्टेबल हार्ड डिस्क नुसती टिकटिक करून थांबत असेल, तर तिला फोनची वीज पुरत नाहीये. स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेला यूएसबी हब (अनेक यूएसबी पोर्टचा डबा) मध्ये जोडा. (माउस-कीबोर्डला ही भानगड नाही.)

आणि काढताना नोटिफिकेशनमधलं ‘इजेक्ट’ दाबूनच काढा. मी एकदा घाईत पेनड्राइव्ह तसाच उपटला होता. गणपतीचे निम्मे फोटो उघडलेच नाहीत.