जर्मनीला निघण्याआधीची आणि पोचल्यानंतरची वर्षे

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आणि जमल्यास तेथेच राहायचे, असे ठरवल्यापासून प्रत्यक्ष विमानात बसेपर्यंत माझी पावणेदोन वर्षे गेली. या काळात "अजून नक्की नाही" एवढ्या एका कारणावर मी नोकरी, लग्नाविषयी घरच्यांशी बोलणे, इतकेच काय, किडलेल्या दाढेचे कामसुद्धा पुढे ढकलले. नव्याने निघणाऱ्यांनी निदान ही चूक करू नये, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली खरी परीक्षा कागदपत्रांची होती. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून ती खरी असल्याचा दाखला) सक्तीचे झाले आणि त्यासाठी मी १८,००० रुपये भरले. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे आणि मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर माझे व वडिलांचे नाव एकाच रकान्यात. आणि पदवी प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावापुढे कोणीतरी आदराने 'राव' जोडलेले. या तिन्ही नावांची व्यक्ती मीच, हे सांगणारे प्रतिज्ञापत्र मी स्वतः रांगेत उभी राहून करून घेतले. एजंटाने हे काम सहज केले असते. परंतु आपली कोणती कागदपत्रे कशासाठी लागतात हे मला तेव्हाच कळले, आणि जर्मनीत त्याचा पदोपदी उपयोग झाला. (तेथे वडिलांचे नाव माझेच दुसरे नाव मानले जाते, आणि प्रत्येक सरकारी पत्रावर ते तसेच येते.)

पैशांचे म्हणाल, तर २०२३ मध्ये मी निघाले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथला खर्च भागेल याची हमी म्हणून आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,२०८ युरो दाखवावे लागत. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ झाला. पैसे आपलेच असतात, पण महिन्याला ठरलेलीच रक्कम हाती येते. सध्याच्या हिशेबाने ९९२ युरो. त्यातून घरभाडे आणि आरोग्यविमा गेल्यावर उरलेल्या पैशांत तीस दिवस काढायची सवय घरी असतानाच लावून घेतली असती, तर माझे पहिले दोन महिने इतके ओढाताणीचे गेले नसते.

सर्वांत मोठा पश्चात्ताप भाषेचा आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून मी जर्मनच्या ए१ या अगदी पहिल्या पातळीवर थांबले. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, पण पुरेशी जर्मन येत नसेल तर त्यातली बरीच कामे आपल्यासाठी नसतातच. पुढे स्थायिक होण्याच्या परवान्यासाठीही सर्वसाधारणपणे बी१ ही मधली पातळी लागते. प्रतीक्षेच्या त्या पावणेदोन वर्षांत मी बी१ आरामात पूर्ण करू शकले असते. विद्यापीठाच्या क्रमवारीवर मी जेवढ्या रात्री घालवल्या, त्याच्या निम्म्या जरी व्याकरणावर घालवल्या असत्या तरी पुरे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र हवे. ते मी केले, पण टपालपेटीवर स्वतःचे नाव चिकटवले नाही. इमारतीतल्या पेट्यांवर क्रमांक नव्हते, फक्त आडनावे होती. परिणामी बँकेने पाठवलेले पिनचे पत्र परत गेले आणि मी तीन आठवडे मैत्रिणीच्या उसन्या पैशांवर राहिले. शेवटी वहीचा कागद कापून, ठळक अक्षरांत आडनाव लिहून पेटीवर लावले, तेव्हा कुठे दुसऱ्या खेपेचे पत्र मिळाले.

पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ही मुदत प्रशस्त वाटते, पण भरतीच्या फेऱ्या संथ असतात. म्हणून अर्ज प्रबंध लिहीत असतानाच सुरू करावेत. मी सध्या याच १८ महिन्यांत आहे. पहिली दोन वर्षे माझे कपडे मी बॅगेतच ठेवले होते, कारण राहणार की परतणार हे ठरले नव्हते. ते अजूनही ठरलेले नाही, परंतु मागच्या महिन्यात मी एक जुने कपाट विकत घेतले आणि दंतवैद्याची वेळ घेतली.