पावसाळ्यात प्रोसेसरचा आवाज तुटत होता, माझा अनुभव

मला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने कानात बसवलेलं यंत्र) आहे आणि मी गोव्यात फोंड्याला राहते, इथे जून लागला की हवा इतकी दमट होते की कपाटातल्या कपड्यांनाही कुबट वास येतो, मग कानामागच्या प्रोसेसरचं, म्हणजे आवाज टिपून इम्प्लांटकडे पाठवणाऱ्या बाहेरच्या भागाचं, काय होणार. आवाज मधेच तुटायचा, खरखर यायची, कदंबा बसमध्ये कंडक्टर काय विचारतोय तेच कळेना.

आधी स्पेअर केबल लावून बघितली, फरक नाही. मग कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती), मग नवी बॅटरी, तेही नाही. राहिला माइक. त्याचं कव्हर बदललं (छोटी वस्तू आहे, पावसाळ्याआधीच जास्तीची आणून ठेवा) आणि रोज रात्री प्रोसेसर कोरड्या कपड्याने पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायला लागले. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओलावा शोषून संपलं की लगेच दिसतं. झिंक-एअर बॅटरी मात्र काढून बाहेर ठेवायची, डब्यात ती सुकून लवकर संपते, आणि नवीन बॅटरीचा स्टिकर काढल्यावर पाचेक मिनिटं तशीच ठेवायची कारण ती हवेतल्या ऑक्सिजनवरच चालते. प्रोसेसरला हेअर ड्रायर अजिबात लावू नका, प्लीज.

हळूहळू खरखर गेली. चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट आरतीत घुमट (मातीचं तालवाद्य) वेगळं आणि झांज वेगळी ऐकू आली, इतका आनंद झाला की आरती चालू असतानाच आईला खुणेने सांगितलं!

एवढं करूनही आवाज तुटत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडेच जा, मॅपिंग, म्हणजे प्रोसेसरची आपल्या कानानुसार सेटिंग, आपलं आपण करता येत नाही.