मोठ्यांना इंग्रजी शिकवायचंय? नाशिकमध्ये राहून काय शिकावं

इंग्रजीत एम.ए. झालं की मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवता येतं, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. क्लासमध्ये काम मागायला गेलात तरी बहुतेक ठिकाणी तेवढंच विचारतील. मी एम.ए. नाशिकमध्येच केलं, मग नोकरी सांभाळून हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचा) पीजीसीटीई हा इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स दूरशिक्षणाने पूर्ण केला, आणि आता नोकरदारांच्या संध्याकाळच्या बॅच घेते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की कोर्स निवडताना तुमचा तास कुणी जाणकार मागे बसून पाहणार आहे का, आणि नंतर त्यावर तुमच्याशी बोलणार आहे का, हे आधी विचारा. विद्यापीठाचं नाव, फी, प्रमाणपत्र हे सगळं त्यानंतर.

एम.ए. वाया जातं असं मुळीच नाही. पुणे विद्यापीठाशी संलग्न एचपीटी किंवा केटीएचएमसारख्या कॉलेजातून करा, नाहीतर आपल्या गोवर्धनच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून करा. साहित्याचं वाचन भाषेच्या शिक्षकाला जन्मभर पुरतं. शिवाय सीनियर कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा हा सरळ रस्ता आहे. शाळेत जायचं असेल तर बी.एड. हवंच. पण सातपूरच्या कारखान्यातला सुपरवायझर रात्री आठला दमून समोर येऊन बसतो, तेव्हा त्याला काय द्यायचं हे यातलं काहीच शिकवत नाही.

त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं. इफ्लू म्हणजे १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठी सुरू झालेली केंद्रीय संस्था. २००७ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे. पीजीसीटीई आणि त्याच्या पुढचा डिप्लोमा पीजीडीटीई हे तिथले जुने, नावाजलेले अभ्यासक्रम. ध्वनिशास्त्र, व्याकरण, अध्यापनपद्धती यांचा पाया तिथे पक्का होतो. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स सहा महिन्यांचा आहे. घरी लहान मूल असेल किंवा हे काम आपल्याला जमेल का एवढंच आजमावायचं असेल, तर त्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. कुठलाही दूरशिक्षणाचा कोर्स घेताना त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता तपासा. केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स पदव्युत्तर पदवी नव्हे, पण प्रौढांना शिकवण्याच्या बाबतीत मला तो सर्वांत नेमका वाटतो. किमान १२० तासांचा कोर्स, चार लेखी असाइनमेंट, आणि खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवणं, तेही ट्रेनर बघत असताना आणि निदान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना. तो ऑनलाइनही करता येतो. फी मात्र जड आहे, त्यामुळे निदान वर्षभर शिकवून झाल्यावर केलात तर पैसे जास्त वसूल होतील.

दूरशिक्षणात निरीक्षणाचा हा भाग तोकडा पडतो, म्हणून मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंना विनंती केली होती. त्या महिन्यातून एकदा येऊन शेवटच्या बाकावर बसायच्या. मी किती वेळ बोलले आणि विद्यार्थी किती वेळ बोलले, एवढीच नोंद त्या करायच्या. ती नोंद पाहून माझं शिकवणं जितकं बदललं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. असं माणूस शोधा, आणि निःसंकोच विचारा.

अभ्यासातला कुठला भाग वर्गात खरोखर उतरतो, तेही सांगते. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलं की शिकणाऱ्याच्या चुकांमागे एक व्यवस्था असते. त्या चुका पाहून तो कुठवर आला आहे ते कळतं. आमच्या बॅचमध्ये कुणी ना कुणी हमखास म्हणतं, ‘मशीन इज मेकिंग नॉइज सिन्स मॉर्निंग.’ मराठीत ‘सकाळपासून आवाज येतोय’ असं चालू वर्तमानकाळातच म्हणतात, त्यामुळे त्याने केलं ते त्याच्या भाषेच्या दृष्टीने बरोबरच आहे. हे आधी त्याला मराठीतून सांगितलं की खाली गेलेली मान वर येते, आणि मग ‘हॅज बीन मेकिंग’ शिकवायला पाच मिनिटं पुरतात. वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही, हा नियम मला प्रौढांच्या बाबतीत साफ अमान्य आहे. चाळिशीच्या माणसाला चारचौघांत चुकण्याची लाज वाटते. ती जोवर आहे तोवर तो तोंडच उघडत नाही, आणि मग त्याला काही शिकवताच येत नाही.

दुसरं नाव इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांचं. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये त्यांनी बंगळुरू प्रकल्प चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं अशी सोडवायची कामं मुलांना दिली. प्रयोग मुलांवर झाला, पण मोठ्यांना तो आणखी लागू पडतो. नाशिक रोडहून सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक द्या आणि सांगा, तिघांनी इंग्रजीत बोलून ठरवा, मुंबईला दुपारी एकच्या आत कसं पोहोचायचं. वेळापत्रक पुढ्यात असलं की एरवी गप्प बसणारेही वाद घालू लागतात.

नाशिकमध्ये अशा शिक्षकाला काम भरपूर आहे, फक्त ते एका जागी नाही. परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सना ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते. दिंडोरी, निफाडच्या द्राक्ष निर्यातदारांना खरेदीदारांशी ईमेलवर आणि फोनवर बोलायचं असतं. अंबड, सातपूरच्या कंपन्यांत ऑडिटला बाहेरची माणसं येतात, तेव्हा लाइनवरच्या लोकांना उत्तरं द्यावी लागतात. या तिघांना एकच पुस्तक लावलं तर तिघंही महिन्याभरात गळतात. म्हणून प्रवेशाच्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, गेल्या आठवड्यात इंग्रजीवाचून कुठे अडलं? उत्तरं मराठीत, सविस्तर लिहून घेते. पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम त्यातूनच ठरतो.

प्रवेश अर्ज भरायच्या आधी ओळखीतली चार-पाच मोठी माणसं गोळा करा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांना शिकवायला लागा. तिथे पडलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवा, म्हणजे कोर्सची पुस्तकं हातात आल्यावर त्यांत काय शोधायचं ते तुम्हाला माहीत असेल.