गावात पैसे टाकायचेत पण देणगी नको? मग असं करून बघा

दर गणपतीत कोकणातल्या आमच्या वाडीत मीटिंग बसते. सभामंडप, कमान, नायतर साऊंड सिस्टिम, काहीतरी विषय निघतो, आकडा ठरतो आणि मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ पैसे काढतं. द्यायला ना नाहीच, पण ते पैसे एकदा गेले की गेले. तेच लाखभर गावातल्या कोकमाच्या नाहीतर काजूच्या धंद्यात फिरवले तर वर्षा-दीड वर्षात परत येतात आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला लागतात. याला शहरात इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात, हा शब्द २००७ साली रॉकफेलर फाउंडेशनने इटलीतल्या बेलाजिओत घेतलेल्या बैठकीतून पुढे आला. नावाला घाबरू नका, अर्थ एवढाच की पैसे परत यावेत, लोकांचं भलं व्हावं आणि ते झालं की नाही हे मोजता यावं.

सगळ्यात आधी घरात बसून ठरवा की पैसे परत हवेत का. परत नकोत, फक्त मुद्दल परत हवं, की मुद्दल आणि वर थोडं काही, यातलं एक काय ते स्पष्ट बोला आणि लिहून ठेवा. आम्ही इथेच माती खाल्ली. आम्ही पाच चुलतभावांनी मिळून भावकीतल्या एका काकींच्या कोकम युनिटला तीन लाख दिले, दोघांच्या डोक्यात ती मदत होती, दोघांच्या डोक्यात कर्ज होतं आणि एक जण स्वतःला पार्टनर समजत होता. वर आम्ही शहाण्यांनी पुढच्या महिन्यापासून हप्ता लावला. दुसऱ्याच हप्त्याला काकींचा फोन, "अरे आगळ अजून पडवीत हाय, हप्ता कुठनं भरू?" (आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस.) शिमग्याला पालखी अंगणात आणि आम्ही भाऊ तोंडं फिरवून बसलेलो, काकींची चूक काडीची नव्हती.

म्हणून हे नीट समजून घ्या. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागला की संपलं, सोलं म्हणजे त्यांची सालं वाळत नाहीत. म्हणजे वर्षभराचा माल तीन-चार आठवड्यांत रोखीने उचलावा लागतो. काजू बीचंही तसंच, बी येते मार्च ते मे आणि गर विकला जातो वर्षभर. बँकेचं कर्ज मंजूर होईपर्यंत सीझन निघून जातो, मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि तो म्हणेल त्या भावाने माल त्यालाच द्यायचा. गावाला पैशाची खरी अडचण या मोजक्या आठवड्यांची आहे, मशीन बऱ्याचदा गंजत पडलेलं असतंच. तेव्हा परतफेड सीझनला बांधा, काही भाग दिवाळीनंतर आणि बाकीचा पुढच्या मेअखेर, जेव्हा पुण्या-मुंबईत सरबताची बाटली खपते. किंवा दर बाटलीमागे ठराविक रुपये असं ठरवा, खप कमी तर परतफेड हळू. ज्या वर्षी निसर्ग किंवा तौक्तेसारखं वादळ येईल त्या वर्षी हप्ता आपोआप पुढे ढकलायचा, हे पण कागदावर आधीच घाला, वादळ झाल्यावर माणूस हात जोडत येईल अशी वेळ आणू नका.

आता कायद्याचं, कंटाळवाणं आहे पण इथेच लोक अडकतात. मंडळ ट्रस्ट म्हणून रजिस्टर असेल तर त्याचे पैसे असे धंद्यात देता येत नाहीत, महाराष्ट्राच्या १९५० च्या विश्वस्त कायद्याचं कलम ३५ आहे, पैसे बँकेत नाहीतर सरकारी रोख्यांत वगैरेच ठेवायचे, वेगळं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. देवळाच्या पैशाला हात लावू नका, आपापल्या खिशातले वेगळे काढा. वर दहा जणांना व्याजाने पैसे वाटत सुटलात तर ती सावकारी होते, त्याला २०१४ च्या कायद्याने लायसन्स लागतं. आणि "गावच्या विकासासाठी ठेवी द्या, दीडपट करून देतो" हे तर मुळीच नाही, २०१९ पासून अशा बेकायदा ठेव योजनांवर सरळ बंदी आहे. वीस हजार किंवा जास्त कर्ज रोखीत द्यायचं नाही, बँकेतूनच.

मग करायचं काय? मला सगळ्यात आवडलेला मार्ग म्हणजे स्वतः कर्ज न देता हमी द्यायची. बचत गटाला बँक कर्ज देते, त्यासाठी तुम्ही दोन-चार जण आपली एफडी तारण ठेवता. पैसे बँकेतच राहतात, व्याज तुम्हाला चालू, गटाचं बँकेत रेकॉर्ड तयार होतं आणि काकी तुमच्या उपकाराखाली राहत नाहीत (हे शेवटचं भावकीत फार महत्त्वाचं). कर्ज बुडलं तर एफडी जाते, हा धोका आहेच, म्हणून गेली तरी झोप लागेल एवढीच रक्कम ठेवा. मशीनसाठी आधी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना अजून चालू आहे का, याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा, त्यात ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आणि बचत गटातल्या बाईमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवलं होतं. सरकार जिथे देतंय तिथे तुमचे पैसे कशाला अडकवता.

भागीदारच व्हायचं असेल तर शेतकरी उत्पादक कंपनी बघा, दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक लागतात, पण शेअर उत्पादकालाच मिळतो, डोंबिवलीत बसलेल्या बिनशेतीच्या भाच्याला नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एका आर्थिक वर्षात दोनशेपर्यंत माणसांना शेअर देऊ करता येतात, पण जाहिरात चालत नाही, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "शेअर घ्या" टाकलंत की घोटाळा. आणि आत जायच्या आधी बाहेर कसं पडायचं ते विचारा, वाडीतल्या कंपनीचा शेअर बाजारात कोणी घेत नाही, तेव्हा पाच वर्षांनी कोण कुठल्या हिशोबाने विकत घेणार ते करारात हवं.

सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजारातला समाजकार्य करणाऱ्या संस्थांसाठीचा वेगळा विभाग, याबद्दल पण बरेच विचारतात. तिथे संस्था झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल नावाचे रोखे काढतात, नावातच आहे, व्याज नाही नि मुद्दलही नाही. म्हणजे देणगीच, फक्त डिमॅटमध्ये दिसते आणि संस्थेला कामाचा हिशोब जाहीर करावा लागतो. हजार रुपयांपासून घेता येतात. आपल्या मंडळाने स्वतः तिथे उतरायचं स्वप्न सध्या सोडा, आधीच्या वर्षात किमान ५० लाख खर्च दाखवावा लागतो.

आधी निकाल, मग पैसे, असा एक उलटा प्रकार मात्र वाडीतही जमेल. राजस्थानात भिलवाड्याला २०१५ ते २०१८ मध्ये मुलींच्या शिक्षणाचा प्रयोग झाला, यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसे घातले, मुलं खरंच किती शिकली ते तिसऱ्याच संस्थेने तपासलं आणि निकाल आल्यावर दुसऱ्या एका फाउंडेशनने व्याजासकट पैसे फेडले. शिक्षणाचं टार्गेट १६० टक्के गाठलं गेलं. आपण किनारा साफ करायला एकरकमी वर्गणी देतो आणि फोटो येतात, त्याऐवजी उचललेल्या प्लास्टिकच्या किलोमागे पैसे द्या, वजन शाळेच्या मास्तरांनी करायचं.

मोजायचं म्हटलं की लोक चाळीस पानी रिपोर्ट मागतात, काही गरज नाही. किती बायकांना किती दिवस मजुरी मिळाली, रातांब्याला व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे किती जास्त दिले आणि पैसे ठरल्यावेळी आले का, तीन आकडे बस. पैसे द्यायच्या आधी एकदा वेंगुर्ल्याला जाऊन या, मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. कांदळवन उभं राहिलं तरच त्यांचा धंदा चालतो, फायदा आणि भलं एकाच दाव्याला बांधलेलं. वेळासला कासवं बघायला येणारे गावातल्याच घरांत राहतात, तिथेही तेच. तुमच्या धंद्यात ही गाठ कुठे आहे ते शोधा, सापडली नाही तर सरळ देणगी द्या, त्यात कमीपणा काही नाही.

गणपतीत विषय काढा, दिवाळीपर्यंत सीएला दाखवून कागद करा आणि मार्चअखेर पैसे खात्यात हवेत. मेमध्ये सुट्टीला आल्यावर मीटिंग घेऊ म्हणालात तर रातांबे झाडाखाली कुजलेले असतील.