सोलरच्या कामात ई-क्लासचं गवत कसं वाचवायचं

मे महिन्यात ई-क्लास जमीन (गावाच्या चराईची सरकारी जमीन) पाहायला येणारा माणूस तिला 'पडीक' लिहून जातो. तेव्हा पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं सगळीच वाळून गेलेली असतात. म्हणून नोंद ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच करा. बांबूच्या चार काड्यांची 1 मीटर बाय 1 मीटर चौकट बांधा, प्रत्येक तुकड्यात दहा ठिकाणी टाका, आतल्या गवतांची नावं लिहा, फोटो काढा. गुराखी सोबत हवाच. नुसत्या पात्यावरून गवत ओळखणारा त्याच्यासारखा दुसरा मिळणार नाही. अकोला-वाशिमकडे तणमोर हा पक्षी पावसाळ्यात अशाच गवतात जमिनीवर अंडी घालतो. तो दिसत असेल तर तो तुकडा आराखड्यातूनच वगळायला लावा. ही नोंद गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडं-प्राण्यांची वही) चढवा.

सोलर पॅनेलच्या प्रकल्पाला 2006 च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यामुळे पुढच्या सगळ्या अटी ग्रामसभेच्या ठरावात आणि करारात आकड्यांसकट लिहून घ्या. तोंडी कबुली जेसीबीवाल्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान सपाटीकरणानं होतं. माळावर जिवंत माती बहुतेक ठिकाणी वीतभरच, खाली मुरूम. गवताचे ठोंब आणि पडलेलं बी त्या वीतभरातच असतं. डोजर एकदा फिरला की ते सगळं एका कोपऱ्यात ढकललं जातं आणि उघड्या मुरमावर पहिल्याच पावसात तरोटा, गाजरगवत असलं तण उगवतं. उंचसखलपणा खांबांची लांबी कमी-जास्त करून बराचसा सांभाळता येतो. खांबापुरतं भोक घ्या, मधली जमीन तशीच राहू द्या. पॅनेलची खालची कड जमिनीपासून किमान 1 मीटर ठेवायला लावा. लोखंड थोडं जास्त लागतं म्हणून ठेकेदार कुरकुरेल, पण कड खाली असली तर गवताची सावली पॅनेलवर येते आणि पुढे दरवर्षी तणनाशक मारायचा आग्रह सुरू होतो.

जिथे खोदणं टळत नाही (केबलची चर, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, आतला रस्ता) तिथे वरची 15 सेंमी माती वेगळी काढा. मुरमाचा ढीग चरीच्या एका बाजूला, मातीचा दुसऱ्या बाजूला. मातीचा ढीग दीड मीटरहून उंच नको, आत हवा खेळली नाही तर ती मरते. चर बुजवताना आधी मुरूम, मग माती. घाईत नेमकं उलटं होतं आणि चरीची रेघ वर्षानुवर्षं पांढरी राहते. हे काम जानेवारी ते मे उरका. पावसानंतर वाफसा होईपर्यंत मशीन आत घेऊ नका. मातीची हातावर बोटाएवढी वळी होत असेल तर ती अजून ओली आहे. अशा काळ्या मातीवरून टिप्पर गेला की ती दबते आणि मुळं-पाणी दोन्ही वरच अडतात. गाड्यांची एकच वाट ठरवा, शक्यतो जुनी पांदणच. दोन्ही बाजूंना खुंट्या आणि लाल फीत लावा.

गाजरगवत बहुतेक वेळा बाहेरच्या मुरमातून आणि टायरच्या चिखलातून येतं. मुरमाची खदान आधी जाऊन पाहा; काठावर गाजरगवत असेल तर ती नको. पहिल्या पावसानंतर दर पंधरा दिवसांनी फेरी मारा, फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा, हातमोजे घालून.

पळस, हिवर, मोह यांच्याभोवती फांद्यांच्या घेराएवढं कुंपण घाला. आत ढीग नको, गाडी नको. मोठं झाड उचलून दुसरीकडे लावू, असं कुणी म्हटलं तर भरवसा ठेवू नका. मोहाचं सोटमूळ तुटलं की झाड बहुधा जगत नाही. काँक्रीट मिक्सर धुतलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यातच सोडा. उघड्या खड्ड्यात रात्री तिरकी फळी ठेवा आणि सकाळी काम सुरू करण्याआधी डोकावून पाहा. घोरपड, साप, ससा पडलेला असतो. जाळीच्या कुंपणाखाली 15 ते 20 सेंमी फट सोडा.

उघड्या पडलेल्या जागेसाठी बी त्याच माळावरून गोळा करा, बी पिकून गळायला लागलं की. ताजं बी लवकर उगवत नाही, म्हणून कोरडं ठेवून पुढच्या जूनमध्ये वापरा. एकरी 2 ते 3 किलो, बारीक माती आणि शेणखतात कालवून फेका. 1 सेंमीपेक्षा खोल गाडलं तर वर येत नाही. मारवेलचे ठोंब दीड-दीड फुटावर लावले तरी चालतात.

कापणी बी गळल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आधी कापलं तर पुढच्या वर्षी गवत विरळ होतं. फेब्रुवारीपर्यंत ठेवलं तर वणवा लागायचा धोका. कुंपणालगत 3 मीटर जाळपट्टा (आग अडवायला गवत काढलेली पट्टी) काढा. चराईला मेंढ्या चालतात, शेळ्या नकोत. त्या पॅनेलवर चढतात आणि केबल कुरतडतात. जमीन पूर्ववत करण्याच्या कामाची काही रक्कम दोन पावसाळे रोखून धरा आणि दुसऱ्या ऑक्टोबरमध्ये तीच चौकट त्याच दहा ठिकाणी टाकून, जुन्या नोंदीशी ताडून मगच ती सोडा.